पाकोळीसाठी लाकडी घरटे-पेटी : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी जानेवारीत मी पाकोळ्यांसाठीच्या तीन लाकडी घरटे-पेट्या ऑनलाइन मागवल्या. एका पेटीची किंमत १,९५० रुपये, म्हणजे तिन्हींचे मिळून ५,८५० रुपये, आणि घरपोच पाठवण्याचा खर्च विक्रेत्याकडे होता. पेट्या बसवून आता सोळा महिने झाले. या काळात पाकोळीच्या विणीचा एक पूर्ण हंगाम आणि दुसऱ्याचा बराचसा भाग डोळ्यांखालून गेला असल्यामुळे आता मत देण्यास हरकत नसावी. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझी तक्रार एका दुकानापेक्षा पेटीमागच्या समजुतीविषयी आहे.

पेट्या घेण्याचे कारण थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. वाईजवळच्या एका गावी आमचा जुना वाडा आहे. त्याचा मागचा भाग केव्हाच पडला, पण देवडी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ओटे अजून शाबूत आहेत. देवडीच्या कडीपाटाला, तुळया जिथे भिंतीत शिरतात त्या कोपऱ्यांत, माझ्या आठवणीपासून पाकोळ्यांची वस्ती होती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर देवडी रंगवायला काढली, त्याआधीच्या उन्हाळ्यात मी २३ घरटी मोजली होती. ‘आता ऑक्टोबर, पाखरे उडून गेली, घरटी रिकामी’ असे म्हणत रंगाऱ्याने बांबूला खराटा बांधला आणि अर्ध्या तासात सगळी घरटी खाली पाडली. दादाकाका समोर उभे होते, पण त्यांचीही समजूत तीच होती. संध्याकाळी दिवेलागणीला पाकोळ्या परतल्या, देवडीच्या तोंडाशी येऊन गर्रकन वळू लागल्या, आत शिरून नव्या ऑइलपेंटला पंजे लावू लागल्या आणि घसरून पुन्हा बाहेर पडू लागल्या. अंधार पडेपर्यंत तो प्रकार चालला होता. त्या रात्री त्या कुठे राहिल्या हे मला कळले नाही, पण घरटी रिकामी नव्हती एवढे मात्र कळले. आपली पाकोळी घरटे केवळ अंड्यांसाठी बांधत नाही, ती वर्षभर त्यात झोपायला येते.

भरपाई म्हणून काही करावे, या अपराधी भावनेतून या पेट्या घरी आल्या.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. खोक्यातून पेटी बाहेर काढली तेव्हा पहिले मत अतिशय अनुकूल झाले. १२ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवुडची, साधारण ४० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर खोल आणि १५ सेंटिमीटर उंच अशी आडवी पेटी. कोपरे नीट जुळवलेले, स्क्रू गंज न धरणारे, वरचे झाकण पुढे उतरते, म्हणजे पाऊस आत जाणार नाही असे. पुढच्या फळीत एका टोकाला, तळाजवळ, ६५ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर उंच अशी आडवी फट आहे. आत दुसऱ्या टोकाला लाकडातच कोरलेली उथळ वाटी आहे, अंडी घरंगळू नयेत म्हणून. आतल्या बाजूला रंग किंवा व्हर्निश अजिबात नाही, जे योग्यच आहे. गावातल्या सुताराने पेटी हातात फिरवून पाहिली आणि ‘ताई, काम एक नंबर आहे, पण एवढ्या पैशांत मी चार केल्या असत्या’ असा शेरा दिला. सोळा महिन्यांत, वाईच्या पावसातून गेल्यावरही, एकाही पेटीचा सांधा उकललेला नाही किंवा प्लायवुड फुगलेले नाही. सुतारकामाला पूर्ण गुण.

अडचण सुरू होते ती पेटीबरोबरच्या चौघडी माहितीपत्रकापासून. त्यात पक्ष्याचे चित्र आहे ते सबंध काळपट-तपकिरी अंगाचे, फक्त गळ्याशी फिकट, लांब कोयत्यासारख्या पंखांचे आणि दुभंगलेल्या शेपटीचे. हा पक्षी म्हणजे युरोपातील सामान्य पाकोळी, शास्त्रीय नाव एपस एपस. आपल्या वाड्यांत, देवळांच्या शिखरांखाली, पुलांच्या पोटाला आणि किल्ल्यांच्या दरवाजांत राहणारी ती ही नव्हे. आपली ती एपस ॲफिनिस. ती आकाराने लहान, जेमतेम १२-१३ सेंटिमीटर लांब, वजनाने २५ ग्रॅमच्या आसपास, शेपटी आखूड आणि सरळ कापल्यासारखी. शेपटीच्या वर, पाठीच्या टोकाला, ठळक पांढरा पट्टा असतो, तो दोन्ही बाजूंना थोडा खाली उतरतो आणि पक्षी वळला की खालूनही चमकून जातो. गळाही पांढरा. जॉन एडवर्ड ग्रे याने १८३० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले ते गंगेच्या प्रदेशातल्या नमुन्यावरून, म्हणजे नावानिशी ती मुळातच भारताची आहे. आफ्रिका, पश्चिम आशियाचा काही भाग, भारत आणि श्रीलंका असा तिचा उबदार मुलूख असून अलीकडच्या दशकांत ती दक्षिण स्पेनपर्यंतही पोहोचली आहे. पूर्व हिमालयापासून पुढे आग्नेय आशियात तिची जी बहीण राहते ती आता वेगळी जात मानली जाते. आपल्याकडच्या जुन्या पक्षिपुस्तकांत दोघी एकाच नावाखाली असत.

चित्र चुकीचे आहे एवढ्यावरून वस्तू चुकीची ठरत नाही, असे मीही प्रथम स्वतःला समजावले. शेवटी पाकोळी ती पाकोळीच. पंख तसेच, उडणे तसेच, खाणे तसेच. परंतु घरटे-पेटी ही घराची वस्तू आहे, आणि घराच्या बाबतीत या दोन जातींच्या सवयी एकमेकींपासून फार लांब आहेत.

युरोपातील पाकोळी ही आपल्या विणीच्या घरी वर्षातले तीन-चार महिनेच असते. मे महिन्याच्या सुमारास आफ्रिकेतून येते, जुन्या इमारतींच्या छपराखालच्या फटीत शिरते, प्रत्येक जोडी आपापल्या काळोख्या भोकात अंडी घालते आणि ऑगस्टमध्ये निघून जाते. उरलेला काळ ती हवेतच असते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीवर बारीक नोंदणीयंत्रे बसवून २०१६ मध्ये दाखवून दिले की काही पक्षी विणीव्यतिरिक्तचे दहा महिने जवळजवळ न उतरता काढतात. युरोपात जुन्या इमारतींची छपरे दुरुस्त झाली, फटी बुजल्या आणि या पाकोळीची घरे गेली. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये ती पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. म्हणून तिथे अशा फटीच्या पेट्या आणि भिंतीत बसवण्याच्या पोकळ विटा निघाल्या. ६५ बाय २८ मिलिमीटरची फट हे त्या पक्ष्याच्या अंगाचे माप आहे. तिच्यातून तो शिरतो आणि मोठे शत्रुपक्षी शिरत नाहीत. त्या पक्ष्यासाठी, त्या देशात, ही पेटी उत्तम असली पाहिजे यात मला शंका नाही.

आपली पाकोळी मात्र भोकात राहणारी नाही, ती छताला चिकटून राहणारी आहे, आणि तीही एकटी नाही. तिची घरटी एकाला एक लागून, कधी एकमेकांत मिसळून, चाळीतल्या खोल्यांसारखी असतात. एका मोठ्या कमानीखाली दहा-वीस जोड्या सहज राहतात. तिला काळोखी खोली नको असते. तिला हवे असते उंचावरचे छत, छत आणि भिंत किंवा तुळई यांचा कोपरा, आणि खाली मोकळी जागा, म्हणजे घरट्यातून निघताना आधी खाली झेप घेऊन वेग मिळवता येतो. घराचे भोक ती स्वतः बनवते. पेटीतील मोकळी, आयती खोली हे तिच्या दृष्टीने घर नाही, जसे आपल्याला मोकळे शेत हे घर वाटत नाही.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण मागच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात शेजारच्या पडक्या वाड्याच्या कमानीतले एक घरटे पडले आणि मी ते उचलून घरी आणले. आत काही नव्हते. आकाराने दोन ओंजळींएवढा, एका बाजूने चपटा, ओबडधोबड गोळा. चपट्या बाजूवर दगडाचा आणि चुन्याचा ठसा उमटलेला. दिसायला कचरा, पण हाताने तुटत नव्हता. वर्तमानपत्र पसरून मी तो सावकाश उकलला. सर्वांत जास्त होती कोंबडीची आणि कबुतराची पिसे, त्यांच्या खालोखाल वाळक्या गवताच्या काड्या, मग सावरीचा कापूस, शिवणाचा लाल दोरा, पतंगाच्या मांजाचा वीतभर तुकडा आणि गुटख्याच्या पुडीची चंदेरी पट्टी. एकही काडी जाड किंवा जड नाही, कारण यातले काहीही जमिनीवरून उचललेले नसते. पाकोळी जमिनीवर उतरत नाही. वाऱ्यावर जे तरंगते तेवढेच ती उडता उडता चोचीत पकडते. या सगळ्यावर वाळलेल्या लाळेचा पातळ थर होता, डिंक सांडून वाळावा तसा, उजेडात धरल्यावर चकाकणारा. आतले अस्तर मात्र मऊ पिसांचे, आणि एका बाजूला दोन बोटे जातील एवढे तोंड.

लाळेचा हा उपयोग पाकोळ्यांच्या कुळातल्या बहुतेकींची कला आहे. ताडपाकोळी ताडाच्या पानाच्या खालच्या बाजूला दोन-चार पिसे लाळेने चिकटवते आणि अंडीही लाळेनेच घरट्याला जखडून ठेवते, कारण पान वाऱ्यावर सतत हलते. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील खडकांच्या गुहांत राहणाऱ्या भारतीय पाकोळीच्या घरट्यात लाळेचे प्रमाण इतके असते की तिच्या घरट्यांची चोरटी विक्री होत असे. आपली वाड्यातली पाकोळी या दोघींच्या मधली: लाळ सिमेंटसारखी वापरणारी, पण विटा कचऱ्याच्या. हे घरटे पूर्ण व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि म्हणूनच एकदा झाले की ती ते सोडत नाही. दरवर्षी डागडुजी करून तेच वापरते. रंगाऱ्याच्या खराट्याने अर्ध्या तासात काय गेले याचा अंदाज मला तो गोळा उकलताना आला.

आता तिन्ही पेट्यांचे काय झाले ते सांगते. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे जमिनीपासून पाच मीटरपेक्षा उंच, समोर झाड किंवा तार नसलेल्या जागी त्या लावल्या: एक देवडीच्या बाहेर उत्तरेच्या भिंतीवर, दुसरी पश्चिमेच्या भिंतीवर वळचणीखाली, तिसरी देवडीच्या आत. पहिल्या पेटीत दहाव्या दिवशी चिमणीची जोडी शिरली आणि तेव्हापासून ती पेटी चिमण्यांचीच आहे. यात आश्चर्य नाही. चिमण्या तर पाकोळीचे बांधून तयार असलेले घरटेही बळकावतात, आत गवत कोंबतात आणि मालकिणीला बाहेर ठेवतात, मग आयती फट दिसल्यावर त्या कशाला थांबतील? दुसऱ्या पेटीत मार्चमध्ये गांधीलमाश्यांनी पोळे धरले. पश्चिमेचे ऊन उतरते तेव्हा ती पेटी एवढी तापते की पोळे काढताना झाकणाला हात लावणे कठीण झाले होते. माहितीपत्रकातला ‘सावलीची जागा निवडा’ हा सल्ला इंग्लंडच्या उन्हासाठी पुरेसा असेल, आपल्या एप्रिलसाठी वळचणीची सावली पुरत नाही. तिसरी पेटी, जिच्यावर माझी सर्वांत जास्त आशा होती, ती आजही रिकामी आहे. पाकोळ्या तिच्या जवळून रोज जातात आणि एकदा एकीने तिच्या बाहेरच्या तळाला, म्हणजे पेटी आणि तुळई यांच्या कोपऱ्याला, पंजे लावून दोन मिनिटे बसूनही पाहिले. आतल्या फटीत डोकावल्याचे मात्र मी एकदाही पाहिले नाही.

माहितीपत्रकावर एक चौकोनी खूण छापली आहे. ती मोबाइलने वाचली की पाकोळीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण सुरू होते; ते सकाळ-संध्याकाळ पेटीजवळ वाजवावे म्हणजे पक्षी आकर्षित होतात, अशी सूचना आहे. मी ते चार दिवस वाजवले. ती युरोपातल्या पाकोळीची किंचाळी आहे, लांब आणि तीक्ष्ण, सुरी पाट्यावर ओढावी तशी. आपल्या पाकोळीचा आवाज अगदी वेगळा: थरथरता, घाईचा किलबिलाट, अनेक जणी एकदम बोलू लागल्या की कुणीतरी काचेच्या बांगड्यांची टोपली हलवल्यासारखा. आमच्या पाकोळ्यांनी ध्वनिमुद्रणाकडे ढुंकूनही पाहिले नाही. शेजारची मांजर मात्र चारही दिवस वेळेवर हजर होती, म्हणून पाचव्या दिवशी मी तो प्रयोग बंद केला.

विक्रेत्याच्या वर्णनातील आणखी एक वाक्य दुरुस्त केले पाहिजे. ‘पाकोळी एकदा जमिनीवर पडली की कधीच उडू शकत नाही’ असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हे अर्धसत्य आहे. पाकोळीचे पाय अतिशय आखूड असतात, एपस या ग्रीक नावाचा अर्थच ‘पाय नसलेला’ असा आहे, आणि तिची चारही बोटे पुढच्या बाजूला वळू शकतात, त्यामुळे तिला भिंतीला लटकता येते पण तारेवर बसता येत नाही. तारेवर ओळीने बसतात त्या भिंगऱ्या. दोघींची गल्लत अनेक जण करतात, आणि आमच्या गावात तर लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात. तरीही धडधाकट पाकोळी सपाट, मोकळ्या जागेवरून पंख आपटत बहुधा उडू शकते. ती पडून राहिली असेल तर ती अशक्त, जखमी, पिल्लू किंवा अडचणीच्या जागी अडकलेली असते.

गेल्या सप्टेंबरमध्ये मला अशी एक पाकोळी तुळशीवृंदावनामागे, भिंत आणि पाण्याच्या पिंपाच्या मधल्या बोळात सापडली. उचलली तेव्हा हातात काही आहे असे वाटेना. तिने पहिल्या क्षणी माझ्या ओढणीच्या सुतात चारही नखे रुतवली आणि तशीच लटकून राहिली. डोळे मोठे, काळेभोर, भुवईच्या जागी आखूड पिसांची छत्री असल्यासारखी खोबणीत बसलेले. चोच इवलीशी, पण तिने ती उघडली तेव्हा तोंड पार डोळ्यांच्या खालपर्यंत फाकले. उडता उडता किडे टिपणाऱ्या पक्ष्याचे ते जाळेच आहे. मानेच्या पिसांतून एक चपटी, हिरवट माशी खेकड्यासारखी तिरपी पळाली आणि पुन्हा पिसांत गेली. पाकोळ्यांच्या अंगावर रक्त पिऊन जगणारी ही माशी त्यांच्या घरट्यांतच वाढते. पंख मिटलेले असताना शेपटीच्या पुढे दीड-दोन बोटे जात होते. मी गच्चीवर जाऊन उघड्या तळव्यावर तिला डोक्याच्या उंचीवर धरले. पाकोळीला हवेत भिरकावू नये, कारण ती जखमी असेल तर सरळ खाली आपटते. अर्धा मिनिट ती नुसती थरथरत राहिली. हे थरथरणे भीतीचे नसून स्नायू गरम करण्याचे असते, हे मला ठाऊक असूनही माझाच जीव खालीवर होत होता. मग तळवा एकदम मोकळा झाला. ती गच्चीच्या कठड्याखाली गेली, दिसेनाशी झाली, आणि पुन्हा दिसली ती कृष्णेच्या बाजूला, इतर सगळ्यांच्या बरोबर, कोणती माझी ते ओळखू न येण्याइतकी.

नदी जवळ असणे हे आमच्या वस्तीचे खरे भाग्य. पाकोळी उडताना पाण्यावर चोच टेकवून पाणी पिते आणि तिचे सगळे खाणे हवेतले असते: डास, माश्या, लहान भुंगेरे, उडत्या मुंग्या, जाळ्याच्या तंतूवर तरंगत जाणारे बारीक कोळी. वळवाचा पाऊस पडून वाळवीची पाखरे निघाली की त्या संध्याकाळी सगळी वस्ती देवडीवर खालपर्यंत उतरते. पिल्ले असताना आई-बाप दोघेही शेकडो किड्यांचा एक गोळा घशात जमवून आणतात, म्हणून त्यांच्या फेऱ्या चिमणीइतक्या वारंवार होत नाहीत. अंडी पांढरी, बहुधा दोन किंवा तीन. सुमारे तीन आठवडे उबवणी आणि त्यानंतर साधारण पाच आठवडे पिल्लू घरट्यात. एवढे लांब बालपण चिमणीएवढ्या पक्ष्याला का लागते, तर घरट्याच्या तोंडातून झेप घेतल्यानंतर त्याला शिकण्यासाठी फांदी नसते. पहिलीच झेप पूर्ण उडण्याची असावी लागते.

हा सगळा संसार पेटीच्या परीक्षणात कशाला, असे कुणी विचारील. पण पेटी कुणासाठी आहे हे कळल्याशिवाय ती चांगली की वाईट हे कसे ठरवणार? विक्रेत्याला मी याविषयी दोनदा सविस्तर लिहिले. पहिले उत्तर आले की ‘पक्षी यायला तीन वर्षेही लागू शकतात, संयम ठेवा’. हे युरोपातल्या पाकोळीसाठी खरेही असेल. दुसऱ्या पत्रात मी दोन्ही जातींतला फरक लिहून पाठवला, त्याला उत्तर आले नाही. वर्णनातील ‘सर्व भारतीय पाकोळ्यांसाठी उपयुक्त’ ही ओळ मी हे लिहीत असताना तशीच आहे. सह्याद्रीच्या कड्यांवरून भन्नाट वेगाने जाणारी, पांढऱ्या पोटाची मोठी डोंगरी पाकोळी, जी दोनशे दिवस हवेत राहू शकते असे स्विस संशोधकांनी २०१३ मध्ये सिद्ध केले, तीही या ‘सर्व भारतीय’ पाकोळ्यांत मोडते. ती २८ मिलिमीटरच्या फटीतून १५ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत येऊन राहील अशी कल्पना करून पाहावी.

आता उपयोगी पडले काय, तेही सांगते, कारण सोळा महिने अगदीच वाया गेले नाहीत. त्या एका पाकोळीने पेटीच्या तळाला लटकून पाहिले होते, ते माझ्या डोक्यात राहिले होते. पेटीचा तळ कोरा, न रंगवलेला आणि खरखरीत होता. देवडीचे छत मात्र ऑइलपेंटने काचेसारखे गुळगुळीत झालेले. लाळ धरायला जागाच नव्हती. मी सुताराला बोलावून सहा फूट लांबीच्या दोन सागाच्या फळ्या कडीपाटाला, तुळईच्या अगदी लगत, ठोकून घेतल्या. ‘रंधा मारायचा नाही’ असे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. ‘ताई, लोक काय म्हणतील, अशी फळी मी ठोकली म्हणून?’ मी म्हटले, लोकांना ती दिसणार नाही, ज्यांना दिसायची त्यांना आवडेल. फळ्या, खिळे आणि मजुरी मिळून खर्च ७०० रुपये आला. डिसेंबरमध्ये फळ्या लागल्या. फेब्रुवारीच्या शेवटी एका कोपऱ्यात चार पिसे चिकटलेली दिसली, मार्चमध्ये त्यांची वाटी झाली, आणि आज, मे महिन्यात, तिथे तीन घरटी पूर्ण आहेत आणि चौथ्याचे काम चालू आहे. २३ च्या जागी तीन. पण ज्या पाकोळ्यांनी दीड वर्ष देवडी सोडली नव्हती त्या आता रोज रात्री आत झोपू लागल्या.

त्यामुळे ज्यांच्या इमारतीत पाकोळ्यांची वस्ती आहे आणि दुरुस्ती किंवा रंगकाम निघाले आहे त्यांना माझा सल्ला असा की पेटीचे पैसे वाचवावेत आणि रंगाऱ्याशी आधी बोलावे. घरट्यांचा कोपरा तेवढा सोडून रंगवता येतो. अगदीच अशक्य असेल तर निदान घरट्यांत अंडी किंवा पिल्ले असताना हात लावू नये. आपल्याकडे वीण साधारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत चालू शकते, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. विष्ठेची तक्रार असते, ती खरी आहे. आमच्या ओट्यावरही पडते. घरट्यांच्या खाली हातभर अंतरावर एक आडवी फळी लावली की तिचा बराचसा बंदोबस्त होतो, फक्त ती घरट्याच्या इतकी जवळ नसावी की पक्ष्याला खाली झेप घेता येणार नाही.

पेटी कुणी घ्यावी? चिमण्यांसाठी कुणाला हवी असेल तर अवश्य घ्यावी. एवढी टिकाऊ चिमणीपेटी मी दुसरी पाहिलेली नाही, अर्थात १,९५० रुपये चिमणीसाठी जास्त आहेत. युरोपात राहणाऱ्या मराठी माणसांनी तर ती तिथल्या घराच्या वळचणीखाली जरूर लावावी, तिथे ती ज्या पक्ष्यासाठी आहे तोच पक्षी आहे. महाराष्ट्रात पाकोळीसाठी म्हणून मात्र घेऊ नये. बांधणीला पाचपैकी पाच, उपयोगाला एक, माहितीपत्रकाला शून्य. एकूण दोन तारे देत आहे.

तिन्ही पेट्या परत करण्याविषयीही मी विचारले होते. ‘वस्तू वापरलेली असल्यास परत घेतली जात नाही, कृपया पेटी सध्या वापरात आहे का ते कळवावे,’ असे छापील उत्तर आले. मी शिडी लावून पाहिले. पश्चिमेच्या पेटीत जुन्या पोळ्याचे देठ होते, देवडीतल्या पेटीत कोळ्याचे जाळे होते, आणि उत्तरेच्या पेटीतून चिमणीची चार पिल्ले चोची उघडून माझ्यावर ओरडली. तिन्हींचे फोटो पाठवून ‘एक वापरात, दोन रिकाम्या’ असे कळवले आहे.